इतिवृत्तातला ‘अकुशल’

१

गावच्या सभेची दवंडी पिटणे हे आमच्या वाडवडिलांचे काम होते. सभेत बसणे हे त्यांचे काम नव्हते. दवंडी देऊन झाली की चावडीपासून अंतर राखून उभे राहायचे, कोणाला बोलावून आणायला सांगितले तर धावत जायचे, आणि सभेने काय ठरवले ते दुसऱ्या दिवशी अंगावर पडलेल्या कामावरून समजून घ्यायचे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि ही बिनमोलाची चाकरी कागदोपत्री संपली. आज दवंडीच्या जागी नोटीस आली, चावडीच्या जागी ग्रामपंचायतीचे सिमेंटचे कार्यालय आले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली. राखीव जागेमुळे आमचा माणूस सरपंचाच्या खुर्चीवरही बसू लागला. यातले काहीही मी कमी लेखत नाही. हे कोणी दान दिलेले नाही, ते लढून मिळवलेले आहे. परंतु सभा कोणाची, हा जुना प्रश्न त्यामुळे सुटला असे मला वाटत नाही. तो आता सभेच्या कागदात जाऊन बसला आहे.

त्या कागदाला इतिवृत्त म्हणतात. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या ग्रामसभांना आणि पंचायत समितीच्या आमसभांना मी बरीच वर्षे जात आलो आहे. रोजगार, कौशल्य आणि आर्थिक विकास या विषयांवर तेथे जे बोलले जाते ते मी ऐकले आहे आणि नंतर जे लिहिले जाते तेही वाचले आहे. आपले समीक्षक कवितेची चिकित्सा करतात, कादंबरीची करतात. इतिवृत्ताची कोणी करत नाही, कारण ते साहित्य नव्हे असे आपण धरून चालतो. ज्या लेखनाने माणसाची मजुरी ठरते, त्याच्या पोराची शाळा ठरते, त्याच्या वस्तीचा रस्ता ठरतो, ते लेखन चिकित्सेच्या बाहेर ठेवण्याची चैन शोषितांना परवडणारी नाही. शिवाय इतिवृत्तालाही निवेदक असतो, पात्रे असतात, ठरीव शैली असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाळलेला मजकूर असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जुन्या गावदप्तरात जातीचे नाव जे काम करीत होते, तेच काम आजच्या इतिवृत्तात एक निरुपद्रवी दिसणारा शब्द करतो. तो शब्द म्हणजे ‘अकुशल’. आणि तो शब्द मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांत आता आपलीही माणसे आहेत.

२

प्रथम शैली पाहू. ‘गावातील बेरोजगार युवकांच्या रोजगाराबाबत सविस्तर चर्चा झाली. कौशल्य प्रशिक्षण वर्ग घेण्याचे ठरविण्यात आले. सर्वानुमते मंजूर.’ थोड्याफार फरकाने प्रत्येक इतिवृत्तात हीच वाक्ये भेटतात. व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकाने या वाक्यांकडे पाहावे. चर्चा झाली, पण ती कोणी केली? ठरविण्यात आले, पण ते कोणी ठरवले? वाक्यात कर्ताच नाही. कर्ता सापडतो तो फक्त ठरावाच्या तळाशी, सूचक आणि अनुमोदक या दोन नावांत. सभेला दीडशे माणसे असोत वा पंधरा, कागदावर बोलणारी दोनच उरतात.

खालापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती आणि ब्युटी पार्लर यांचे वर्ग घ्यावेत असा विषय चालला होता. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक कातकरी बाई उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, आमाला इटा पाडता येतात, कोलसा पाडता येतो. ते लिवा ना.” काहीजण हसले. भाऊसाहेब चांगले गृहस्थ होते, ते हसले नाहीत. ते म्हणाले, “मावशी, ते कौशल्यात येत नाही, ते मजुरीत येतं.” बाई खाली बसली. पुढे मी इतिवृत्त पाहिले. तेथे लिहिले होते : ‘विषयावर चर्चा झाली.’

त्या बाईचे वाक्य मी पुष्कळ दिवस विसरू शकलो नाही. त्या दिवशी त्या सभेत रोजगार आणि कौशल्य या विषयावर नेमके आणि खरे असे तेवढेच एक वाक्य बोलले गेले होते, आणि तेच गळाले.

पण ती बाई सभेत हजर होती हीसुद्धा विशेष गोष्ट म्हटली पाहिजे. ग्रामसभांचे रूढ दिवस चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतला कातकरी दिवाळीनंतर घराला कुडाचे दार लावून वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. म्हणजे चारांपैकी दोन सभांच्या दिवशी तो गावात नसतोच. प्रजासत्ताक दिनाला नसतो आणि कामगार दिनालाही नसतो. १ मे रोजी गावात रोजगाराचा ठराव होत असतो त्या वेळी गावातला सर्वांत कष्टाळू मजूर परमुलखात गारा तुडवत असतो. उरलेल्या दोन सभांना तो वाडीत असतो खरा, पण सभा भरते मुख्य गावात आणि भरते दिवसा. तिला जायचे म्हणजे एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडायचे.

सभेसाठी गणपूर्तीचा नियम आहे. पण गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे ज्यांच्यासाठी ठराव करायचा ती माणसे आली नाहीत तरी ठरावाचे काही अडत नाही.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घेतली पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. ठाणे जिल्ह्यात शहापूरकडच्या अनुसूचित गावांना तो हक्क आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे कर्जत-खालापूरमधल्या ठाकूर आणि कातकरी वाड्या संख्येने पुष्कळ असूनही गट ग्रामपंचायतीच्या शेपटाला बांधलेल्या राहतात. डोंगर तोच, माणसे तीच, दारिद्र्य तेच. जिल्ह्याची हद्द ओलांडली की सभा मात्र बदलते.

नोंदीतून वाडी गळणे म्हणजे काय, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मातीतच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे त्या वेळी सरकारकडूनच सांगण्यात आले. वाडी यादीत आली ती संपल्यावर.

३

आता त्या शब्दाकडे येतो. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. देशात असा कायदा तेव्हा दुसऱ्या कोठेही नव्हता आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम होते. त्या कायद्याने हमी दिली ती ‘अकुशल’ शारीरिक काम करायला तयार असलेल्या प्रौढ माणसाला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने १०० दिवसांची हमी दिली; शब्द तोच ठेवला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. नाव बदलले, दिवस वाढले, ‘अकुशल’ मात्र जागचा हलला नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांतही कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी उतरंड असे. उतरंड हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. खालचे मडके वरच्यांचा भार पेलते आणि त्याला वर जाता येत नाही, हे बाबासाहेबांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

अकुशल म्हणजे ज्याला काही येत नाही तो. आता कातकऱ्याला काय येते ते पाहा. त्याच्या जमातीचे नावच मुळी एका विद्येवरून पडलेले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्यातून कात काढणारा तो कातकरी. किती पाणी, किती आच, रस कोणत्या क्षणी उतरवायचा, हे ज्ञान पिढ्यानुपिढ्या त्याच्या हातात होते. इंग्रज सरकारने जंगल राखीव करण्याचे कायदे केले, १८७८ च्या कायद्याने तो फास आवळला, आणि कातकऱ्याच्या हातून खैर गेला. विद्या गेली, नाव राहिले. मग तो कोळशाकडे वळला.

कोळशाची भट्टी लावणे म्हणजे लाकूड जाळणे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा ती लावून पाहावी. लाकडे रचायची, पाल्याने आणि गवताने झाकायची, वरून माती थापायची, तळाशी हवेची भोके ठेवायची, मग पेटवायची आणि रात्रंदिवस धुराकडे पाहत बसायचे. धूर दाट आणि पांढरा आहे तोवर ओल निघते आहे. तो विरळ आणि निळसर झाला की भोके बुजवायची वेळ आली. थोडे आधी बुजवले तर लाकूड कच्चे राहते, थोडा उशीर झाला तर राख होते. हे सारे नाकाने आणि डोळ्याने ओळखायचे. प्रयोगशाळेत हेच काम करणाऱ्या माणसाला आपण रसायनशास्त्रज्ञ म्हणतो आणि त्याला पगार देतो. कातकऱ्याला उचल देतो.

विटेचेही तसेच आहे. माती कोणती, तूस किती, राख किती, गारा किती वेळ मुरू द्यायचा, कच्ची वीट उन्हात कोणत्या कडेवर उभी करायची, भट्टी रचताना आगीला वाट कोठून द्यायची, यातले एक चुकले तर हजारो विटा तडकतात. मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल येथल्या किती भिंती या हातांनी उभ्या केल्या याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. हिशेब असतो तो शेठच्या वहीत, उचलीचा आणि आठवड्याच्या खरचीचा. आणि हंगाम संपताना तो बहुधा ‘फिटले नाही’ या दोन शब्दांवर येऊन थांबतो. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. उचलीच्या वहीने तिला मागल्या दाराने आत घेतले.

ज्ञान आहे, पण त्याला ज्ञान म्हणायचे नाही. श्रम आहेत, पण त्यांची मजुरी तळाची. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. चामडे कमावणे हे रसायन होते. त्याला विटाळ म्हटले गेले. गावाच्या शिवा, जमिनीच्या हद्दी, वाटा आणि भांडणे यांचा जिवंत दस्तऐवज ज्याच्या डोक्यात होता त्या महाराला अडाणी म्हटले गेले. तेव्हा शब्द धर्माचा होता, आता तो अर्थशास्त्राचा आहे. धर्माच्या शब्दाविरुद्ध आपण बंड केले. अर्थशास्त्राचा शब्द मात्र आपण अर्जावर स्वतःच्या हाताने लिहितो.

४

या दोन तालुक्यांत विकास आलेला नाही, म्हणून रोजगार नाही, असे सभांमध्ये नेहमी बोलले जाते. हे ऐकले की मला आश्चर्य वाटते. विकास येथे महाराष्ट्रात इतरत्र कोठे आला नसेल तितक्या लवकर आला. १८५६ ते १८६३ या काळात कर्जतच्या अंगावरून बोरघाटाचा रेल्वेमार्ग चढला. कामाच्या ऐन भरात तेथे हजारो मजूर राबत होते आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने ते मोठ्या संख्येने मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि लवकरच मरण पावला; त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुरे करून घेतले. दोघांची नावे इतिहासाने जपली आहेत आणि अ‍ॅलिसचे कर्तृत्व जपण्यासारखेच आहे. मजुरांची मात्र फक्त संख्या उरली, तीही अंदाजे.

१९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची वीजकेंद्रे सुरू झाली. सह्याद्रीचे पाणी या दोन तालुक्यांत पडले आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे मोरबे धरण खालापूर तालुक्यात झाले; पाणी नवी मुंबईला गेले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. तो खालापुरातून जातो, पण त्यावर पायी चालायला बंदी आहे, आणि या तालुक्यात अजून पायीच चालणारी माणसे पुष्कळ आहेत. म्हणजे विकास आला नाही ही तक्रार खोटी आहे. तो आला, आणि येथल्या माणसाला हमाल करून पुढे गेला. त्या हमालाला कारागीर का होऊ दिले नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला भरलेल्या जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेकडे जावे लागते. कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही शत्रूंशी लढावे लागेल, ही बाबासाहेबांची तेथली मांडणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण कमी वाचतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. वरच्या आणि कसबाच्या जागा त्याला बंद असतात, हे त्यांनी तेथे मांडले. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. विणकाम त्यांच्या बुद्धीला झेपणारे नव्हते म्हणून ते बंद नव्हते. धाग्याला तोंड लावावे लागे, आणि उष्ट्याचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नव्हता. विणखात्यात मजुरी अधिक होती. म्हणजे अस्पृश्य कामगार ‘अकुशल’ ठरला तो कसब नव्हते म्हणून नव्हे. कसब शिकण्याच्या जागेवरच त्याला उभे राहू दिले नाही म्हणून.

कर्जत हे रेल्वेचे गाव. येथल्या आमच्या वस्त्यांनी ही गँगमनकी अंगावर काढली आहे. म्हणून आजच्या कौशल्य योजनांकडे पाहताना मी एकच कसोटी लावतो : शिकण्याच्या जागेवर कोण उभा राहू शकतो? २०१५ साली केंद्राने कौशल्य भारत मोहीम सुरू केली. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे एकाच दिवशी सुरू झाली. आकडा मोठा आहे. परंतु आय.टी.आय.च्या दारावर उभे राहायचे तर धंद्याप्रमाणे आठवी किंवा दहावी पास व्हावे लागते. भट्टीवर आईबापांबरोबर गेलेले पोर चौथीत शाळेबाहेर पडते. सोवळ्याने विणखात्याचे दार बंद केले होते. येथे दार उघडे आहे, पण त्याची पायरी आठवीच्या उंचीची आहे. विटाळाचा काळ आणि आजचा काळ एकच आहे असे मी म्हणत नाही. परिणाम इतका सारखा का, एवढेच विचारतो.

५

सभांतला दुसरा लाडका शब्द ‘स्थानिक’. ‘परिसरातील कारखान्यांनी स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात’ हा ठराव मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की तो पाठ झाला आहे. टाळ्या हमखास पडतात. हे ८० टक्क्यांचे धोरण राज्य सरकारचे आहे आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहिलेला माणूस. नागपूरचा माणूस खोपोलीत स्थानिक ठरतो. त्याने यावे, त्याला कामाचा हक्क आहे. पण वाडीतल्या माणसाला वाटते की हा ठराव आपल्यासाठी आहे, आणि तो गैरसमज कोणी दूर करत नाही, कारण त्यावर निवडणुका लढवता येतात.

रसायनीची गोष्ट याच संदर्भात पाहिली पाहिजे. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खालापूर तालुक्यात तिचा कारखाना उभा राहिला. सरकारी म्हणून तेथे राखीव जागा होत्या. राखीव जागेवर लागलेल्या माणसाला फिटर होता येत होते, ऑपरेटर होता येत होते, घर बांधता येत होते, मुलीला शिकवता येत होते. २०१७ साली केंद्र सरकारने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यावर बोलताना किती नोकऱ्या गेल्या हे सगळे सांगतात. कोणत्या प्रकारच्या नोकऱ्या गेल्या हे कोणी सांगत नाही. ज्या थोड्या जागांवर दलित माणूस कुशल म्हणून कायद्याने उभा राहू शकत होता, त्या जागा गेल्या. त्यांच्या बदल्यात आले ते कंत्राटी काम, फार्महाऊसची राखणदारी, माळीकाम आणि धुणीभांडी. त्यात राखीव जागा कसली? राखीव ठेवायची गरजच नाही, ती कामे पूर्वीपासून आपल्यासाठीच राखलेली आहेत.

यात पंचायतींचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी केली. तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण त्यात आहे, लघुउद्योग आहेत, दारिद्र्यनिर्मूलन आहे. म्हणजे हा विषय सभेच्या कक्षेतलाच आहे. पण सभा तरी असली पाहिजे. रायगड जिल्हा परिषदेची आणि तिच्याखालच्या पंचायत समित्यांची मुदत २०२२ च्या मार्चात संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. विषय मांडणारा अधिकारी, मंजूर करणाराही अधिकारीच. ‘सर्वानुमते’ या शब्दाचे इतके शुद्ध उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना हक्काचे प्रतिनिधित्व नसेल तर असल्या पंचायती नकोत अशी भूमिका घेतली. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत त्यांनी गावाच्या गौरवगीतांवर पाणी ओतले. गाव हा एकजिनसी नाही, त्याच्या नावाने बोलणारा नेहमी त्यातल्या एका भागाच्या नावाने बोलत असतो, हे त्यांचे निदान होते. २०१५ पासून गावोगावी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे होऊ लागले. त्यातला ‘आमचं’ कोणाचा, हा प्रश्न त्या निदानातून सरळ निघतो.

६

या सगळ्यात एक वेगळे उदाहरण कर्जत तालुक्यातच घडले आहे, ते सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. माथेरानला मोटारीला बंदी. तेथे परवान्याच्या ९४ हातरिक्षा होत्या. माणसाने माणसाला ओढायचे, लाल मातीच्या चढावर आणि निसरड्या उतारावर. उतारावर माणसांसह गाडी तोलून धरणे हे कसब आहे, पण त्यालाही कोणी कौशल्य म्हटले नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने ई-रिक्षा मागितल्या आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०२२ साली न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला : ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका. ई-रिक्षा कोणाला द्यायच्या ते ठरवताना खरे ओढणारे कोण, हे समितीने शोधून काढावे, असेही त्यात आहे.

या निकालातून मी दोन गोष्टी घेतो. एक, ‘ओढणारा’ हा ‘चालक’ होऊ शकतो. त्यासाठी त्याचा मेंदू बदलावा लागत नाही, त्याच्या हातातले साधन बदलावे लागते. दुसरी, खरा ओढणारा कोण हे शोधून काढा असे सांगण्याची पाळी न्यायालयावर येते, याचा अर्थ परवान्याचा कागद आणि पाठीचा घाम यांची नावे वेगवेगळी असू शकतात. फायदा वाटायची वेळ आली की कागद पुढे येतो. म्हणून कागदावर नाव असणे ही क्षुल्लक बाब नाही.

७

आता थोडे आपल्याविषयी. हा भाग लिहिणे मला जड जाते, पण टाळता येत नाही.

दलित साहित्याने श्रमाला मराठी साहित्यात आणले, हे त्याचे ऐतिहासिक काम आहे. ‘बलुतं’ हे १९७८ साली आलेल्या आत्मकथनाचे नावच गावगाड्याच्या हिशेबातले आहे. १९८० साली ‘उपरा’ने कैकाड्याच्या टोपल्या आणि त्यामागची वणवण पांढरपेशा वाचकासमोर ठेवली. पण माझी एक तक्रार आहे, आणि ती त्या लेखकांपेक्षा आम्हा समीक्षकांविषयी अधिक आहे. आम्ही या पुस्तकांत दुःख वाचले, अपमान वाचला, विद्रोह वाचला. त्यांतले ज्ञान वाचले नाही. टोपली विणणारे बोट काय जाणते, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. श्रमिकाला आम्ही केवळ पीडित म्हणून पाहिले. इतिवृत्ताने त्याला अकुशल म्हटले, आम्ही त्याला दुःखी म्हटले. त्याला जाणता कोणीच म्हटले नाही.

दुसरी गोष्ट साहित्याबाहेरची. सभेत जो सुशिक्षित बौद्ध तरुण बसतो, जो रेल्वेत आहे, शाळेत आहे, बँकेत आहे, त्याच्या तोंडून मी ऐकले आहे : “कातकऱ्याला कामाची सवयच नाही. प्रशिक्षण दिलं तरी टिकत नाही. दारू पितो.” ही वाक्ये मला ओळखीची वाटली. आमच्या आजोबांविषयी हीच वाक्ये, याच स्वरात बोलली जात होती. उतरंडीत एक पायरी वर चढताच खालच्याकडे पाहण्याची नजरही आपोआप मिळते काय? जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती कामकऱ्यांनाच वरखाली वाटून टाकते, हे १९३६ सालीच आपल्याला सांगून झाले आहे. त्या वाटणीत आपल्याला मिळालेली जागा थोडी सुखाची आहे म्हणून ती वाटणी खोटी ठरत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विटा पाडणे आणि कोळसा पाडणे हे कौशल्य म्हणून गौरवायचे म्हणजे कातकऱ्याला भट्टीवरच बांधून ठेवायचे नव्हे काय? परंपरागत धंद्याचे गोडवे गाऊन माणसाला त्यातच डांबणे हा गांधीवाद्यांचा मार्ग झाला. बाबासाहेबांनी तर घाणेरडी कामे सोडा असे सांगितले. मला हे पूर्णपणे मान्य आहे. कातकऱ्याच्या पोराने भट्टीवर जाऊ नये असेच मला वाटते. परंतु सोडणाऱ्याला मोकळ्या हातांनी सोडायला लावायचे की त्याच्या हातात जे आहे त्याची किंमत वसूल करून सोडायला लावायचे, हा प्रश्न आहे. ज्याला अग्नी आणि माती कळते तो भट्टीचा मिस्त्री होऊ शकतो, गवंडी होऊ शकतो, स्वतःच्या सहकारी भट्टीचा मालक होऊ शकतो. कौशल्याची ओळख ही वर जाण्याची पायरी असावी, दावे असू नये.

८

म्हणून माझ्या सूचना मोठ्या नाहीत. दिवाळीपूर्वी, माणसे वाडीत असताना, संध्याकाळी, वाडीतच सभा घ्यावी. पेसा लागू नाही म्हणून कोणी वाडीत जाऊन बसायला बंदी केलेली नाही. त्या सभेत जे ठरेल ते लेखी स्वरूपात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत किंवा त्यानंतरच्या पहिल्या सभेत ठेवावे. वाडीतल्या प्रत्येक प्रौढाला काय येते याची यादी करावी आणि ती इतिवृत्ताला जोडावी. पूर्वी मिळवलेल्या कसबाला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनेतच आहे. भट्टीवरच्या माणसांसाठी ती मागावी. भट्टीवर जाणाऱ्यांची पोरे वाडीत राहून शिकतील अशी हंगामी वसतिगृहाची सोय हा रोजगाराच्या ठरावाचाच भाग मानावा, कारण आठवीची पायरी तेथूनच चढायची आहे. आणि इतिवृत्तात कर्ता लिहावा : कोण बोलले, काय बोलले.

हे काम आपले शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते करू शकतात. त्यासाठी अनुदान लागत नाही. आपल्याला लिहिता येते, आणि हे लिहिणे आपल्याला कसे मिळाले ते आपण जाणतो.

पुढच्या सभेला मी जाणार आहे. तेथे पुन्हा ‘अकुशल’ हा शब्द वाचला जाईल. त्या वेळी उभे राहून एवढेच विचारायचे आहे : हे कोणी ठरवले? आणि तो प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, लिहून घ्यायला लावायचा आहे. त्या दिवशी त्या बाईचे वाक्य मी लिहून घ्यायला लावले नाही. मी तेथे बसलेला होतो.